पायथन-२ चा निरोप : एक परीक्षण

१ जानेवारी २०२० या दिवशी पायथन या संगणकभाषेच्या दुसऱ्या पिढीची देखभाल अधिकृतपणे थांबली. त्या पिढीची शेवटची आवृत्ती, २.७.१८, त्याच वर्षी २० एप्रिलला प्रसिद्ध झाली. त्यानंतर पायथन-२ मध्ये कितीही गंभीर दोष सापडला तरी मूळ संस्था तो दुरुस्त करणार नाही, हे आधीच जाहीर झाले होते. एखादी संगणकभाषा कालबाह्य होणे ही नवलाची गोष्ट नाही. पण इतकी लोकप्रिय भाषा तारीख ठरवून, दवंडी पिटून आणि ती तारीख एकदा पुढे ढकलून निवृत्त केली जाणे, हे क्वचितच घडते. म्हणूनच या निरोपाचे परीक्षण करणे आम्हांला उपयुक्त वाटते.

शिक्षकांनी यात लक्ष का घालावे? कारण सीबीएसईच्या अकरावी-बारावीच्या संगणकशास्त्रात आज पायथन शिकवतात, आणि इतर अनेक अभ्यासक्रमांतही ती भाषा आली आहे. शाळेत चार गोष्टींचे वय एकमेकांशी जुळावे लागते : अभ्यासक्रमाचे, छापील पुस्तकाचे, प्रयोगशाळेतल्या यंत्राचे आणि भाषेच्या आवृत्तीचे. यांपैकी पहिल्या तिघांचे वय इथे ठरते. चौथीचे वय दूर कुठेतरी ठरते, आणि ते ठरवताना शाळा कोणाच्या डोळ्यांसमोर नसते. आमचा मुख्य आक्षेप इथेच आहे. पण आक्षेपाकडे वळण्यापूर्वी निर्णयामागची बाजू नीट समजून घेतली पाहिजे.

बदल काय होता?

गिडो व्हान रोसम यांनी १९८९ च्या अखेरीस अ‍ॅमस्टरडॅमच्या गणित व संगणकशास्त्र संस्थेत काम करीत असताना पायथनची रचना सुरू केली. पहिली आवृत्ती १९९१ मध्ये लोकांपुढे आली, दुसरी पिढी ऑक्टोबर २००० मध्ये, आणि तिसरी डिसेंबर २००८ मध्ये. तिसरी पिढी मुद्दामच दुसरीशी विसंगत ठेवलेली होती. जुन्या चुका एकदाच झाडून टाकाव्यात आणि पुन्हा तो त्रास नको, असा त्यामागचा हेतू होता.

त्या चुका खऱ्याच होत्या. तीन उदाहरणे पाहू.

पहिले उदाहरण भागाकाराचे. पायथन-२ ला ७ भागिले २ विचारले तर उत्तर ३ येई. पायथन-३ मध्ये ते ३.५ येते. दोन्ही संख्या पूर्णांक असल्या की उत्तरही पूर्णांकच द्यायचे, ही जुनी रीत संगणकतज्ज्ञाला परिचित असेल, पण सातवीच्या मुलालाही ती चूक वाटेल. एका विद्यार्थ्याचे तीन विषयांतले गुण ६७, ७१ आणि ७४ आहेत असे समजा. बेरीज २१२, आणि सरासरी ७०.६७ च्या जवळपास. पायथन-२ मध्ये बेरीज सरळ ३ ने भागली की ७० मिळत. आज्ञावली थांबत नसे, तक्रार करीत नसे. ती शांतपणे चुकीचे उत्तर देई. विज्ञानाच्या शिक्षकाला वेगळे सांगायला नको की, बंद पडलेल्या उपकरणापेक्षा चुकीचे मोजमाप दाखवणारे उपकरण अधिक धोक्याचे असते.

दुसरे उदाहरण आदानाचे. वापरणाऱ्याकडून माहिती घेण्यासाठी ‘इनपुट’ ही आज्ञा असते. पायथन-२ मध्ये ती टंकलेला मजकूर नुसता घेत नसे, तो आज्ञा समजून चालवीत असे. मुलाने २+३ टंकले तर हाती ५ येई. मुलाने रोमन लिपीत स्वतःचे नाव टंकले तर भाषा त्या नावाचा चल शोधू लागे आणि चूक दाखवी. याचा दुसरा अर्थ असा की, बाहेरच्या माणसाला तुमच्या संगणकावर हवी ती आज्ञा चालवण्याची सोय आयती मिळे. पायथन-३ मध्ये टंकलेले अक्षरशः मजकूर म्हणून मिळते, त्याची संख्या करायची तर ते वेगळे सांगावे लागते.

तिसरे उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे. ‘मराठी’ या शब्दाची लांबी किती? पायथन-२ मध्ये साध्या अवतरणचिन्हांत हा शब्द यूटीएफ-८ या सांकेतिक पद्धतीने लिहिला तर लांबी १५ येई. कारण ती भाषा अक्षरे मोजत नसे, बाइट मोजत असे, आणि त्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. पायथन-३ मध्ये उत्तर ५ येते : म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी. आपण वाचताना म, रा, ठी अशी तीनच अक्षरे मोजतो, तेव्हा ५ हेही शेवटचे उत्तर नव्हे. पण १५ वरून ५ वर येणे ही मोठी मजल होती. इंग्रजी लिहिणाऱ्याला हा फरक जाणवतही नसे, कारण तिथे एका अक्षराला एकच बाइट लागतो. शिवाय पायथन-३ मध्ये चलाला ‘बेरीज’ किंवा ‘सरासरी’ असे देवनागरी नाव देता येते. पायथन-२ मध्ये ते शक्यच नव्हते.

तेव्हा एक गोष्ट आम्ही आधीच मान्य करतो. जुनी पिढी संपवण्याचा निर्णय योग्य होता, आणि त्याचा फायदा मराठीसारख्या भाषांना इंग्रजीपेक्षा अधिक झाला.

जुने चालू ठेवायला काय लागते?

‘चालतेय ते चालू द्या, बिघडतेय कुठे?’ असे सहज म्हटले जाते. पण जुन्या आवृत्तीला आधार देत राहणे फुकट होत नाही. हा खर्च समजून घेण्यासाठी साधा गुणाकार पुरेसा आहे.

पायथनसाठी उपयुक्त आज्ञावलींचे संच अनेक लोक बनवतात. गणितासाठी नम्पाय, संकेतस्थळे बनवण्यासाठी जँगो, अशी त्यांची नावे. असा संच पाच आवृत्त्यांवर चालेल असे वचन दिले, आणि विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्ही प्रणाली धरल्या, तर प्रत्येक बदलानंतर पाच गुणिले तीन, म्हणजे १५ परिस्थितींत चाचणी घ्यावी लागते. तो संच आणखी एका संचावर अवलंबून असेल आणि त्याच्याही तीन आवृत्त्या चालवून घ्यायच्या असतील तर चाचण्या ४५ होतात. चाचण्या यंत्रच घेते हे खरे, पण त्यांपैकी एखादी फसली की कारण शोधायला माणूसच बसतो. हा माणूस पुष्कळदा आपली नोकरी सांभाळून रात्री बिनपगारी काम करणारा असतो.

याशिवाय एक अदृश्य खर्च असतो. जुन्या आवृत्तीत नसलेली कोणतीही नवी सोय लेखकाला वापरता येत नाही. एकच आज्ञावली पायथन-२ आणि पायथन-३ या दोन्हींवर चालवण्यासाठी अनेकांनी ‘सिक्स’ नावाचा एक छोटा संच वापरला. दोन गुणिले तीन म्हणजे सहा, म्हणून हे नाव! नाव गमतीचे होते, पण दोन दगडांवर पाय ठेवून लिहिलेली आज्ञावली वाचायला किचकट होई आणि नव्या माणसाला शिकायला त्याहून किचकट.

म्हणून आधार कधीतरी काढावा लागतो, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो केव्हा आणि कसा, याबद्दल.

बारा वर्षांचा प्रवास

पायथन-३ डिसेंबर २००८ मध्ये आले, पायथन-२ जानेवारी २०२० मध्ये थांबले. मधला काळ अकरा वर्षांहून अधिक. इतका वेळ दिल्यावर तक्रारीला जागा कुठे, असे वाटेल. पण त्या काळाचे तुकडे करून पाहिले तर चित्र वेगळे दिसते.

सुरुवातीची कल्पना अशी होती की, प्रत्येकाने आपली आज्ञावली एका रूपांतरक साधनातून एकदा काढावी आणि नव्या घरी राहायला जावे. प्रत्यक्षात कोणी एकटे राहत नव्हते. माझा संच तुमच्या संचावर अवलंबून, तुमचा तिसऱ्याच्या. तिसरा हलल्याशिवाय तुम्ही हलणार नाही, तुम्ही हलल्याशिवाय मी नाही. अशा वेळी लोकांना घर बदलण्यापेक्षा दोन्ही घरांत चालणारी वस्तू हवी असते. नेमके तेच सुरुवातीच्या तिसऱ्या पिढीने अडवले. पायथन-२ मध्ये युनिकोड मजकुराआधी एक रोमन अक्षर लावावे लागे. ३.० ते ३.२ या आवृत्त्यांत ते अक्षर दिसले की चूक दाखवली जाई. ते अक्षर निरर्थक पण निरुपद्रवी म्हणून पुन्हा स्वीकारायला सप्टेंबर २०१२ मधील ३.३ ही आवृत्ती यावी लागली. म्हणजे पहिली जवळजवळ चार वर्षे पूल बांधण्याऐवजी तो नसण्यात गेली.

पायथन-२.७ जुलै २०१० मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा तिचा अंत २०१५ मध्ये होईल असे ठरले होते. २०१४ मध्ये ही मुदत २०२० पर्यंत वाढवली गेली, कारण असंख्य लोक अजून हलू शकलेले नव्हते. हा निर्णय माणुसकीचा होता, पण त्यातून एक शिकवणही मिळाली : पहिली तारीख परिस्थिती पाहून नव्हे, तर अपेक्षा धरून घातली होती.

दुसरी तारीख मात्र पाळली गेली, आणि ती का पाळली गेली हे पाहणे उद्बोधक आहे. या वेळी भाषेच्या संस्थेने एकटीने तारीख जाहीर केली नाही. मोठमोठ्या संचांच्या लेखकांनी २०२० पर्यंत किंवा त्याआधी पायथन-२ सोडण्याची जाहीर प्रतिज्ञा केली. जँगोची १.११ ही एप्रिल २०१७ ची आवृत्ती पायथन-२ वर चालणारी शेवटची ठरली. त्याच वर्षी डिसेंबरात आलेली २.० फक्त पायथन-३ साठी होती, पण १.११ ची देखभाल २०२० च्या एप्रिलपर्यंत चालू ठेवली गेली. नम्पायने जानेवारी २०१९ च्या १.१६ या आवृत्तीनंतर पायथन-२ सोडले. एकामागून एक दारे बंद होत गेली, पण प्रत्येक दारावर पाटी होती.

याहून महत्त्वाची गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात आली नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये पायथनचे संच उतरवून घेणाऱ्या पिप या साधनात एक सुधारणा झाली. कोणता संच कोणत्या आवृत्तीसाठी आहे हे लेखकाने लिहून ठेवले, तर पिप ते वाचू लागले. पायथन-२ वापरणाऱ्याने संच मागितला की त्याला चालणारी शेवटची जुनी आवृत्ती आपोआप मिळू लागली. त्याआधी नवी आवृत्ती उतरे, बसे, आणि मग चालत नसे. एप्रिल २०१७ मध्ये आयपायथन या संचाने पायथन-२ सोडले ते ही सोय झाल्यानंतरच. आमच्या मते साऱ्या प्रकरणातले हे सर्वांत शहाणपणाचे पाऊल होते. आधार काढणे म्हणजे पायाखालची जमीन काढणे नव्हे. जिथे तो माणूस उभा आहे तिथे त्याला उभे राहू देऊन फक्त पुढचे मजले न बांधणे, एवढाच त्याचा अर्थ असावा.

नये पैसे

आपल्या देशाने असाच एक बदल केलेला आहे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. त्याआधी रुपयाचे १६ आणे आणि ६४ पैसे होत, त्यानंतर १०० पैसे होऊ लागले. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होतात, तेव्हा पूर्णांकात व्यवहार बसवताना दुकानदार आणि गिऱ्हाईक यांची किती कुचंबणा झाली असेल याची कल्पना करता येते. जुनी नाणी लगेच रद्द झाली नाहीत, दोन्ही काही काळ एकत्र चालली. आणि नव्या नाण्यावर नुसते ‘पैसा’ न लिहिता ‘नया पैसा’ असे लिहिले गेले. ‘नया’ हा शब्द १९६४ मध्ये काढला, तोवर लोकांच्या मनातला गोंधळ ओसरला होता.

यातून दोन धडे मिळतात. संक्रमणाच्या काळात दोन्ही चलने एकाच गल्ल्यात चालली पाहिजेत. पायथनने हे चार वर्षे उशिरा ओळखले. आणि वस्तूच्या नावातच तिची पिढी सांगितली पाहिजे. हा धडा आपल्या शाळांनी अजून घेतलेला नाही, त्याकडे आम्ही पुढे येऊ.

आमचा आक्षेप

२०२० नंतर सारे सुरळीत झाले असे समजू नये. पायथनची नवी आवृत्ती आता दरवर्षी ऑक्टोबरात येते आणि प्रत्येकीला पाच वर्षांचे आयुष्य असते. म्हणजे कोणत्याही वेळी साधारण पाच आवृत्त्या हयात असतात. नियम स्वच्छ आहे, आधी कळणारा आहे, आणि पूर्वीच्या अनिश्चिततेपेक्षा कितीतरी चांगला आहे. पण बारकाईने वाचले तर त्या पाच वर्षांतली पहिली दीड-दोन वर्षेच पूर्ण देखभालीची असतात. उरलेल्या काळात फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या होतात, आणि त्याही मूळ संहितेच्या रूपात. विंडोजवर दोन टिचक्या मारून बसवता येईल अशी तयार फाइल त्या काळात मिळत नाही. उदाहरणार्थ, ३.८ या आवृत्तीची देखभाल २०२४ मध्ये संपली, पण विंडोजसाठीची शेवटची तयार फाइल ३.८.१० या क्रमांकाची, मे २०२१ ची आहे. मूळ संहितेपासून भाषा घडवून घेणे हे तज्ज्ञाचे काम. शाळेपुरते पाहिले तर पाच वर्षांची हमी दोन वर्षांवर येते.

३.८ चे उदाहरण आम्ही सहज घेतलेले नाही. विंडोज-७ वर चालणारी ती शेवटची आवृत्ती आहे, जशी विंडोज एक्सपीवर चालणारी शेवटची ३.४ होती. विंडोज-७ ला मायक्रोसॉफ्टचाच आधार जानेवारी २०२० मध्ये संपला, तेव्हा पायथनच्या लेखकांना दोष देता येणार नाही. पण ज्या शाळेला देणगीतून मिळालेली जुनी यंत्रे आहेत, त्या शाळेतल्या शिक्षकाला याचा अर्थ असा होतो की, पुस्तकातली एखादी नवी सोय त्याच्या यंत्रावर चालणारच नाही. मुलगा पुस्तकात आहे तसेच टंकेल, आणि पडद्यावर चूक येईल. मुलाला वाटेल आपलेच चुकले. संगणकाच्या तासाला ‘आपल्याला हे जमत नाही’ असे एकदा वाटले की ते पुसायला फार वेळ लागतो.

संचांचे लेखक आणखी घाईत आहेत. २०१९ मध्ये नम्पायच्या मंडळींनी नेप-२९ नावाचा ठराव मांडला : पायथनची आवृत्ती प्रसिद्ध झाल्यावर ४२ महिने तिला आधार द्यावा, मग सोडावी. पुढे शास्त्रीय संचांच्या सामाईक ठरावाने ही मुदत तीन वर्षांवर आणली. या ठरावांची भाषा नेमकी आहे आणि हेतू चांगला आहे. प्रत्येक वेळी नव्याने वाद घालण्यापेक्षा कॅलेंडर पाहून निर्णय घ्यावा, म्हणजे कोणावर अन्याय झाल्याची भावना राहत नाही. पण कॅलेंडर सर्वांसाठी सारखे असले तरी सर्वांचे वर्ष सारखे नसते. ऑक्टोबर २०२४ ची आवृत्ती घेऊन जून २०२५ मध्ये अकरावीचा वर्ग सुरू केला तर त्या मुलांची बारावी २०२७ च्या मार्चपर्यंत संपते आणि तीन वर्षांची मुदत त्यांना पुरते. त्याच मांडणीवर जून २०२६ मध्ये आलेल्या पुढच्या तुकडीला ती पुरत नाही. बसवलेली आज्ञावली बंद पडत नाही हे खरे. पण नवे यंत्र आले, नवा धडा शोधला, कोणाची मदत मागितली, की आवृत्तीची दरी आडवी येते.

मुदत कमी आहे ही तक्रार आम्ही तरीही दुय्यम मानतो. खरा दोष मोजणीच्या पद्धतीत आहे. एखादी आवृत्ती सोडावी का, हे ठरवताना लेखक ती किती वेळा उतरवून घेतली जाते हे आकडे पाहतात. हे आकडे माणसांचे नसतात. मोठ्या कंपनीतले चाचणीयंत्र एकच संच दिवसातून शेकडो वेळा उतरवू शकते. उलट एखादी शिक्षिका घरी एकदा संच उतरवते, पेनड्राइव्हवर घेते आणि प्रयोगशाळेतल्या वीस यंत्रांवर बसवते. वीस यंत्रांवर आळीपाळीने साठ मुले शिकतात, आणि आकड्यांत त्यांची नोंद एक अशी होते. तीच पेनड्राइव्ह शेजारच्या शाळेत गेली तर त्या शाळेची नोंद शून्य. नमुना कसा निवडला यावर निष्कर्ष अवलंबून असतो, हे आपण मुलांना संख्याशास्त्रात शिकवतो. रस्त्यावरच्या गाड्या मोजून गावातली पायी चालणारी माणसे किती हे सांगता येत नाही.

दुसरे टोक

इथवर वाचून कोणी म्हणेल की, मग जुने कधीच सोडू नये. त्याचे उत्तर आपल्याच महाविद्यालयांत आहे. बोर्लंड कंपनीचे टर्बो सी++ हे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचे. सी++ या भाषेचे पहिले आंतरराष्ट्रीय प्रमाण १९९८ मध्ये आले, म्हणजे टर्बोच्या नंतर. तरीही पुढे कित्येक वर्षे आपल्याकडे निळ्या पडद्याचे ते टर्बो शिकवले गेले. नव्या यंत्रांवर ते चालेनासे झाले, तर डॉसचा आभास निर्माण करणारी वेगळी आज्ञावली बसवून त्यात टर्बो चालवले गेले!

त्याचे परिणाम काय झाले? मुलांनी शीर्षक-फाइलींची जी नावे पाठ केली ती प्रमाण भाषेत राहिलीच नव्हती. आणि गणितही फसले. टर्बोमध्ये साधा पूर्णांक १६ बिटांचा, म्हणजे कमाल ३२,७६७. सातचे क्रमगुणित ५,०४० बरोबर येई. आठचे ४०,३२० यायला हवे, तिथे पडद्यावर उणे २५,२१६ दिसे, कारण मर्यादा ओलांडल्यावर ६५,५३६ वजा होत. हे का होते ते समजावून सांगितले तर उत्तम धडा. पण ‘सात पर्यंतच करा’ असे सांगून तो विषय मिटवणारे वर्गही होते. इथे कोणी घाईने आधार काढला नव्हता. परीक्षा, प्रात्यक्षिकाची छापील वही आणि बाहेरून येणारे परीक्षक यांनी मिळून तो काढूच दिला नव्हता. त्याची किंमत मुलांनी पहिल्या नोकरीत मोजली.

फोरट्रान ही भाषा या दोन टोकांच्या मधली वाट दाखवते. आयबीएमने १९५७ मध्ये आणलेली ही भाषा आजही वापरात आहे. तिच्या प्रमाणात एखादी रचना आधी ‘कालबाह्य होऊ घातलेली’ म्हणून नोंदवतात, आणि नंतरच्या एखाद्या प्रमाणात वगळतात. १९९५ च्या प्रमाणाने अशा काही रचना वगळल्या. तरी अनेक संकलक त्या अजूनही चालवून घेतात, फक्त इशारा देतात. हवामान आणि अभियांत्रिकीतल्या जुन्या आज्ञावली त्यामुळे टिकल्या. अर्थात यालाही किंमत आहे : संकलक लिहिणाऱ्यांना जुने ओझे पिढ्यान्‌पिढ्या वाहावे लागते.

आमची कसोटी

एखाद्या आवृत्तीचा आधार काढणे योग्य की अयोग्य, हे आम्ही चार प्रश्नांवरून ठरवू. पहिला, जुन्या जागी राहणाऱ्याला चालणारी शेवटची वस्तू आणि तिची माहितीपुस्तिका मिळत राहील का? दुसरा, तारीख पुरेशी आधी आणि सर्वांना दिसेल अशी सांगितली आहे का? तिसरा, एकाच वेळी दोन्हीकडे चालेल असा पूल काही काळ होता का? चौथा, मोजणीत न दिसणारे कोण आहेत याचा विचार झाला का? पायथन-२ चा निरोप पहिल्या दोन प्रश्नांवर चांगला उतरतो, तिसऱ्यावर उशिरा उतरतो, आणि चौथ्यावर नापास होतो.

त्याचबरोबर हेही बजावले पाहिजे की, फुकट मिळालेल्या वस्तूवर हक्क सांगताना मर्यादा पाळावी. ज्यांना पायथन-२ अधिक काळ हवे होते त्यांच्यासाठी वाट होतीच : रेड हॅट कंपनी आपल्या सशुल्क ग्राहकांसाठी जून २०२४ पर्यंत त्याची देखभाल करीत राहिली. काम करणाऱ्याला मोबदला मिळाला, म्हणून काम झाले. शाळांना असे पैसे देता येणार नाहीत, पण शाळांच्या वतीने शिक्षणखाती, परीक्षा मंडळे आणि विद्यापीठे देऊ शकतात. अभ्यासक्रमात एखादी आवृत्ती नेमणारे मंडळ त्या आवृत्तीची तयार फाइल, लागणारे संच आणि पुस्तिका अभ्यासक्रम संपेपर्यंत आपल्याकडे जपून ठेवील, एवढी अपेक्षा तरी अवाजवी नाही.

आणि शिक्षकांनी काय करावे? प्रश्नपत्रिकेत ‘पुढील आज्ञावलीचे उत्तर काय येईल?’ असे विचारताना आवृत्ती लिहावी. ७ भागिले २ चे उत्तर ३ लिहिणारा मुलगा जुन्या पुस्तकातून शिकला असेल, त्याला शून्य गुण देणे हा परीक्षेचा दोष आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातील पायथनच्या एका मालिकेच्या नावातच ३.४.३ हा आवृत्तिक्रमांक आहे. मालिका जुनी झाली तरी ती कशासाठी होती हे कोणालाही कळते. आपल्या वहीवर, फळ्यावर, प्रात्यक्षिकाच्या पानावर हीच सवय लावता येईल. वर्गाची आवृत्ती बदलायची तर मे महिन्याच्या सुट्टीत, सर्व यंत्रांवर एकदम बदलावी, आणि जुन्या तयार फाइली टाकून न देता तारीख लिहून ठेवाव्यात. जुनी आवृत्ती जाळ्याला न जोडलेल्या प्रयोगशाळेत असेल तर घाबरण्याचे कारण नाही. शाळेचे निकाल किंवा प्रवेशअर्ज ज्या यंत्रावरून बाहेर जातात तिथे मात्र ती एक दिवसही ठेवू नये. यंत्र ६४ बिटांचे असून केवळ विंडोज जुनी असेल तर लिनक्स बसवून नवी आवृत्ती चालवता येते. ३२ बिटांच्या यंत्रांसाठी ही वाटही आता अरुंद होत चालली आहे.

शेवटी, जो संच आपण शिकवायला वापरतो त्याच्या लेखकांना वर्षातून एकदा चार ओळी लिहून कळवावे की, आमच्या शाळेत अमुक आवृत्तीवर इतकी मुले शिकतात आणि अमुक वर्षापर्यंत आम्हांला यंत्रे बदलता येणार नाहीत. त्याने तारीख बदलेलच असे नाही. पण पुढच्या वेळी जेव्हा कोणी आकडे काढून बसेल, तेव्हा पेनड्राइव्हवरून शिकणाऱ्या त्या साठ मुलांची नोंद त्याच्यासमोर असेल.